डेन्मार्कला निघालेला ढोल

मल्लिकार्जुननं ढोल एसटीच्या टपावर टाकू दिला नाही. मंद्रूपच्या पलीकडच्या धनगरवस्तीपासून सोलापूरपर्यंत त्यानं तो मांडीवर घेऊन आणला. कंडक्टर कुरकुरला, पण गडी ऐकणाऱ्यातला नव्हता. कॉलेज संपवून बाहेर पडलेला, डोक्यात शंभर कल्पना, आणि प्रत्येकीची घाई. आपल्या मुलखातली कला माळावरच विरून जाते, ती जगानं पाहिलीच पाहिजे, असं तो चहाच्या टपरीवर तावातावानं सांगायचा. आणि शहात्तरच्या त्या एप्रिलात जगानं खरंच हाक दिली होती. डेन्मार्कमधल्या एका संग्रहालयाला गजी नाचातला धनगरी ढोल हवा होता. ढोलाची पेटी आजच्या आज संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला निघाली, तरच तिथलं जहाज मिळणार होतं.

ढोल ज्ञानबाचा. ज्ञानबा जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याची बायको गोजाबाई सकाळी वस्तीवर ढोलाला पाठ टेकून बसली होती.

"न्ह्या, दादा. पर माज्यानं एक काम झालं न्हाय, तेवढं तुमी करा."

"काय ते सांगा, मावशी."

"आमच्या घरात ढोल वाजवनारा गेला की त्याच दिशी ढोल माळावर न्हेत्यात आन दोऱ्या सैल करत्यात. म्हंजी त्याला जायाला वाट हुती. मी न्हाय केल्या. म्हनलं, ऱ्हाऊंद्या हितंच..." तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं चामड्यावर तळवा ठेवला. "आता सोसवंना. त्यालाबी सोसवंना. माळावर करा, दादा. छपराखाली नगा. छपराखाली त्येला वाट गावायची न्हाय."

"बरं, बरं," मल्लिकार्जुन म्हणाला. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजत होता.

दोऱ्या सैल करायच्या होत्याच. संग्रहालयानंही तेच कळवलं होतं, की ताणलेलं चामडं जहाजाच्या पोटातल्या दमट उष्म्यात फाटतं. पण एप्रिलात, सोलापूरच्या उन्हात, उघड्या माळावर? वर्षभर ताणलेलं चामडं त्या झळांनी तडकलं असतं. सावलीतच सैल करायला हवं, एवढी साधी गोष्ट. गोजाबाईच्या बोलण्याचं त्याला वाईट वाटलं, पण ते मनावर घ्यावं असं काही त्याला वाटलं नाही.

बाळीवेशीजवळ त्याचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. घरात तो आणि त्याची आई शिवम्मा, दोघंच. मायलेक आपसात कानडीतच बोलत. मराठी शिवम्माला बाजारापुरती यायची. तिला तो अव्वा म्हणे. त्याचे वडील लवकर गेले, तेव्हापासून तिनं घरोघर भाकऱ्या थापून त्याला शिकवलं होतं. जगाला काय काय दाखवायचं, हे तो रोज जिला ऐकवायचा ती हीच. अर्धं तिला कळायचं नाही, तरी ती पूर्ण ऐकायची.

ढोल पाहून ती म्हणाली, "मल्लू, हे कुणाच्या घरचं उचलून आणलंस?"

"उचलून कशाला? दिलाय त्यांनी. समुद्रापलीकडे जाणार आहे, अव्वा."

"जाऊ दे बापडा. मला काही कुणी नेत नाही," ती हसून म्हणाली आणि जेवण आवरून आतल्या खोलीत पडली.

मल्लिकार्जुननं बाहेरच्या खोलीचं दार लोटून घेतलं. सुतारानं केलेली फळ्यांची पेटी तयार होती. तळाशी अंथरायला गिरणीतला टाकाऊ कापूस, गुंडाळायला दोन जाड चादरी. पत्रा वरून भाजत होता. पलीकडच्या गल्लीत माग खडखडत होते. त्यानं ढोल गुडघ्यांत धरला आणि पहिली गाठ सोडली.

त्याच वेळी वीज गेली असावी. माग थांबले. दुपार एकदम इतकी मुकी झाली की पत्रा तापून कडकडल्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

दोरी एकेका वेढ्यानं ढिली होत गेली, आणि ढोलातून हवा निघावी तसा आवाज आला. लांब, दमलेला. ओझं उतरवून बसताना माणूस सोडतो तसा. मग वास आला. पावसात भिजलेल्या मेंढरांचा, ओल्या लोकरीचा. बाहेर ऊन डोळे फोडत होतं आणि खोलीत ओल्या लोकरीचा वास दाटत चालला होता.

ढोल फार दिवस बंद होता, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आणि शेवटचा वेढा सैल केला.

वहाणा करकरल्या. जाड, खिळे मारलेल्या धनगरी वहाणा. त्याच्या पाठीमागून, फरशीवरून, सावकाश. आधी बाहेरच्या दाराकडे गेल्या. तिथं थांबल्या. मग भिंतीच्या कडेकडेनं फिरल्या, गोठ्यात कोंडलेलं जनावर फिरतं तशा. मल्लिकार्जुनला मान वळवायची होती, पण वळेना. वहाणा आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आल्या... आणि थांबल्या.

आतून खोकला ऐकू आला. पुरुषाचा. कोरडा, चिलीम ओढणाऱ्याचा.

"अव्वा?"

तो उठला. पाय कुणी दुसऱ्यानंच उचलावेत तसे त्यानं ते उचलले.

शिवम्मा बाजेवर उकिडवी बसली होती. हाताचा पंजा भुवयांवर धरून, समोरच्या भिंतीतून आरपार लांब कुठंतरी बघत होती. दुसऱ्या हाताची बोटं बाजेच्या लाकडावर पडत होती. धिम्या, सरावलेल्या ठेक्यात.

"मेंढरं कुटं गेली?" ती म्हणाली. आवाज तिचाच होता. बोली तिची नव्हती.

"अव्वा... मी आहे. मल्लू."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. परका माणूस वस्तीवर आल्यावर बघावं तसं. "लई अंधार हाय हितं. ह्ये छप्पर कुनाचं?" आणि मग, लहान मुलासारखं, "गोजा कुटं हाय?"

मल्लिकार्जुननं तिचा हात धरला. एप्रिलच्या त्या भट्टीत तो हात विहिरीतल्या दगडासारखा गार होता.

भूतखेत झूट आहे, असं कॉलेजच्या व्यासपीठावरून ठणकावून सांगणारा हा पोरगा. पण आईचा हात गार लागल्यावर व्यासपीठ आठवत नाही. त्याला एकच सुचलं. दोरी सैल केल्यावर जे बाहेर आलं, ते दोरी ओढल्यावर आत जाईल. ढोल उचलून माळावर न्यावा, हे सुचलंच नाही. माळ लांब होता, आणि आई समोर होती.

तो बाहेरच्या खोलीत धावला. ढोलावर पाय रोवला आणि दोरी ओढली.

आत बाज करकरली. "नगं," आवाज आला. "नगं रं पोरा..."

त्यानं दुसरा वेढा ओढला. तळव्याची कातडी सोलली. खोलीतला लोकरीचा वास हलला, वाऱ्यानं धूर हलावा तसा. आतून कुणीतरी कशाला तरी धरून ठेवल्यासारखा, दातओठ खाल्ल्यासारखा श्वास येत होता. एकाचा, की दोघांचा? मल्लिकार्जुन ओढत राहिला. चामडं ताठ होत गेलं.

"मल्लू..."

हा मात्र तिचाच आवाज. स्पष्ट, कानडी हेलाचा. अव्वा परत आली! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्यानं सगळा जीव लावून शेवटचा वेढा ओढला आणि गाठ मारली.

शांतता झाली. तो आत गेला तेव्हा शिवम्मा कुशीवर झोपली होती. हात ऊबदार होता, श्वास संथ. ती जागी होईपर्यंत थांबावं असं त्याला वाटलं, पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की ढोल या घरात आता क्षणभरही नको. पुन्हा सैल करायची तर हिंमतच नव्हती. फाटला जहाजात तर फाटला. त्यानं ढोल चादरींत करकचून गुंडाळला, चारी बाजूंनी कापूस ठासला, झाकण लावलं आणि खिळे मारले. एरवी मारले असते त्याहून कितीतरी जास्त.

स्टेशनवर येडू हमालानं टांग्यातून पेटी उतरवली. "काय हाय सायेब ह्यात? म्हस कोंडलीया का?"

"ढोल आहे. सांभाळून. उलटी करू नका."

"वाजीवनाऱ्यासकट दिसतुया," येडू हसला. मल्लिकार्जुन हसला नाही. पार्सलची पावती घेऊन तो जवळजवळ पळतच घरी आला.

शिवम्मा जागी होती. घरात नव्हती, बाहेर ओट्याच्याही खाली, उघड्या मातीत मांडी घालून बसली होती. उन्हं कलली होती. भाकरी हातावर घेऊन कांद्याबरोबर खात होती, भुकेल्या माणसासारखी, मोठे मोठे घास. मल्लिकार्जुनच्या छातीवरची धोंड उतरली. तो तिच्यापुढे बसला आणि कानडीत म्हणाला, "अव्वा, हेंग अदी?" कशी आहेस?

ती चावायची थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हनलास? ही बोली मला येत न्हाय, पोरा."

त्यानं पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा, हळूहळू, शब्द तोडून, अडाणी पोराला शिकवावं तसं. तिनं मान हलवली. मग भाकरी बाजूला ठेवून, सोललेल्या तळव्यांचे त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. डोळ्यांत राग नव्हता. दया होती, आणि त्या दयेनंच त्याच्या अंगावर काटा आला.

"मला दार गावंना, म्हनून हिच्यात शिरलो," ती हळूच म्हणाली. "मी घट्ट धरून बसलो. तिला न्हाय धरता आलं. मी न्हाय ढकललं तिला... तूच वढलास."

स्टेशनपर्यंत तो कसा धावला, ते त्याला कधीच आठवलं नाही. फलाटावर पार्सलचे हातगाडे रिकामे उभे होते. गाडी गेली होती. कुर्डुवाडीच्या दिशेनं रुळांवर धुराचा एक पुंजका तेवढा रेंगाळत होता. येडू खांबाला टेकून बिडी ओढत बसला होता.

"तुमची पेटी नीट गेली, सायेब. डब्यात मीच चढीवली." त्यानं बिडीची राख झटकली. "एक इचारू का? तुमी कानडी हाय न्हवं? पेटी उचलली तवा आतनं बाईमानसाचा आवाज आल्यावानी झालं. लई बारीक. 'बागला तगी, बागला तगी' असं कायतरी. म्हंजी काय वो?"

मल्लिकार्जुन रुळांकडे बघत होता.

"दार उघड," तो म्हणाला.