एकानं निघून जायचं

उत्कर्षाने आडोशाच्या तोंडावरचं उसाचं पाचट बाजूला सारलं, तर आत आधीच कोणीतरी बसलेलं.

"हा मी बांधलाय," ती म्हणाली.

"मग बसा की. मी कुटं उचलून न्यायला लागलोय?"

ही गेल्या मार्चमधली गोष्ट. उजनीचं पाणी मागे सरकलं, चिखल उघडा पडला, की रोहित पक्षी काठाच्या उथळ पाण्यात उतरतात. त्यांचे फोटो काढायला सोलापूरची काही मंडळी दर वर्षी काठावर तंबू ठोकून राहतात आणि पाखरं बिचकू नयेत म्हणून पाचटाच्या आडोशात लपतात. उत्कर्षा त्यांतलीच. शहरात तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. आत बसलेला बिरुदेव सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. वनरक्षकाच्या भरतीसाठी तो रोज पहाटे धावायचा. गळ्यात जुनी दुर्बीण, बुटांना कोरडा चिखल.

रोहित लांबच थांबले होते.

"दोघं आत आलेलं बघितलंय त्यांनी," तो कुजबुजला. "आता एकानं निघून जायचं. त्यांना वाटतं, आडोसा मोकळा झाला. पाखरांना मोजता येत न्हाय."

"मग निघा."

"मीच का?"

"कॅमेरा माझ्याकडे आहे. आणि मागे वळून बघू नका, बिचकतील."

तो गेला... आणि बांधावर पोचताच वळून बघितलंच त्याने. सगळा थवा उडाला. उत्कर्षाने त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. संध्याकाळी तंबूपाशी तो चहा घेऊन आला.

"पाखरं गेली की माझी!" ती म्हणाली.

"व्हय. पण मला जे बघायचं हुतं ते दिसलं."

चहा तिने घेतला. त्यानंतरचे बरेचसे रविवार दोघांनी माळावर आणि तळ्याकाठी काढले. दिवाळीनंतर तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. लग्नांच्या ऑर्डरी एकटीवर आल्या. जानेवारीत बिरुदेव भरतीत पास झाला... तिसऱ्या खेपेला. त्याने धावता धावताच फोन केला. शब्दांपेक्षा तिला त्याचा श्वासच जास्त ऐकू येत होता.

यंदाच्या मार्चमध्ये आभाळ अवकाळीने भरलेलं होतं. पाणी राखेच्या रंगाचं. तोच काठ, नवं पाचट, आणि आडोशात दोघांचे गुडघे एकमेकांना टेकलेले.

"सोमवारी गडचिरोलीला हजर व्हायचंय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू चल."

"बाबांना घास भरवावा लागतो, बिरू. स्टुडिओ बंद केला तर औषधं कुठून आणू?"

"मग मी जात न्हाय." तो हसायला बघत होता. "तुझ्याच स्टुडिओत बसतो. नवरदेवांना म्हणतो, जरा हसा की, पाव्हणं... लई अवघड न्हाय."

तिलाही हसू आलं. मग डोळ्यांपुढे तो दिसला... ट्यूबलाइटखाली, काउंटरमागे, अंगाला कुठलाच चिखल नसलेला. हळूहळू रागीट होत गेलेला.

"थांब म्हण, उत्कर्षा. एवढंच म्हण. मी हितंच राहतो."

ती लेन्सची काच पुसत राहिली. पुसायला काही नव्हतं. दूर पाण्यात रोहित माना उंचावून आडोशाकडे बघत होते.

"दोघं असलो..." तिने पुन्हा सुरुवात केली. "दोघं असलो तर पाखरं येणार नाहीत."

त्याने गळ्यातल्या दुर्बिणीचा पट्टा मुठीत धरला.

"ह्येच उत्तर व्हय?"

"मागे वळून बघू नकोस."

त्याने गळ्यातली दुर्बीण काढली, तिच्या मांडीवर ठेवली आणि वाकून बाहेर पडला.

ती कॅमेऱ्यातून बघत राहिली. त्याची पाठ, वाऱ्याने फुगलेला शर्ट, मग बांध. बांधावर तो थांबला. वळ, ती मनाशी म्हणाली. उडू देत सगळी. वळ ना...

तो वळला नाही. बांधापलीकडे उतरला.

थोड्या वेळाने रोहित आले. आधी एक, मग सगळेच, अगदी आडोशापर्यंत. त्यांचे फिकट पिवळे डोळेसुद्धा दिसत होते. असा फोटो तिला दोन वर्षं हवा होता. तिने तो काढला नाही.

एक निघून गेला, की आडोशात कोणी उरलं नाही असं पाखरांना वाटतं. त्या दिवशी त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.