ओढ्याकाठचा रानचुका

कुरणात गुडघ्यांवर बसून ती रानचुका खुडत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "काही हरवलंय का?"

"अक्कल," ती वळूनही न बघता म्हणाली. "सापडली तर कळवा."

"माझी शोधायला कुणाला धाडू? आत्ताच गेली... तुम्हाला बघून."

पाव पोचवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर होता तो. इंजिन तापलं म्हणून पाणी शोधत आला, आणि पाण्याचं विसरून तिथेच खिळला. तिने एक पान त्याच्या हातावर ठेवलं. ते आंबट पान त्याने चावलं मात्र, एक डोळा मिटला, तोंड वाकडं झालं! ती खळखळून हसली. तिथेच घात झाला म्हणायचा.

मग स्वारी रोज तिच्या आत्याच्या खानावळीत. चुक्याचं गरम सूप प्यायचं आणि वाटीच्या काठावरून तिच्याकडे बघायचं.

"ही पानं आणता कुठून एवढी?"

"सांगणार नाही, जा."

खरा दाट चुका कुरणापलीकडे, ओढ्याच्या वळणावर होता. आत्याने ती जागा सख्ख्या बहिणीलाही दाखवली नव्हती. निम्मी पानं झाडावर ठेवायची, मुळाला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा.

"माझ्यावर एवढाही भरवसा नाही?" एकदा त्याने विचारलं, अगदी हळू... आणि बाईसाहेब विरघळल्या. हात धरून त्याला घेऊन गेली. ओढ्यापाशी त्याने तिच्या केसांत अडकलेली काडी काढली, पण बोटं तिथेच राहू दिली.

"आता मी घरचा झालो," तो म्हणाला.

झालास रे, तिला वाटलं.

पुढच्या खेपेला ती एकटीच गेली, तर ओढ्याकाठी नुसती उकरलेली माती. एक पान म्हणून शिल्लक नाही.

संध्याकाळी तो नवा शर्ट घालून आला, चेहरा नुसता फुललेला. "हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलाने सगळाच्या सगळा चुका विकत घेतला माझ्याकडून! कुंड्यांत लावायला मुळासकट हवा होता त्यांना. आता गाडी आपली स्वतःची होईल. लग्न करशील ना माझ्याशी?"

हेच ऐकायला ती किती झुरली होती! आणि मेल्याने विचारलं ते आज.

"अगं, रडतेस काय? दुसरी जागा सापडेल की."

"सापडेल." तिने पदराने डोळे पुसले. तो अजूनही तितकाच आवडत होता, तेच तर वाईट. "पण तुला नाही दाखवणार."