ह्यांच्यासाठी एखादं

बार्शीच्या वाचनालयात आता पुस्तक मागावं लागत नाही. टेबलावरच्या काळ्या तबकडीवर तळहात ठेवायचा. समोरच्या पडद्यावर गोष्टींचे तुकडे सरकतात, कशापाशी तुमची नाडी किंचित उडी मारते ते तबकडी टिपते आणि तुम्हाला कुठलं पुस्तक आवडेल ते तुमच्याआधी सांगते. लोक तिला ‘मनकवडी’ म्हणतात.

कलावतीबाईंनी हात ठेवला. “ह्यांच्यासाठी हं,” त्यांनी तिला बजावलं, देवीला नवस बोलावा तसं.

वर्गणीदार घरचा पुरुष आणि पुस्तक बदलायला जाणार त्याची बायको, ही रीत यंत्र आलं तरी कुणी मोडली नव्हती. त्यात त्यांचे यजमान महालिंगप्पा कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच होते. पूर्वी ते फक्त गावातल्या माणसांची चरित्रं वाचायचे. कुणी डाळमिलवाले, कुणी तालमीतले वस्ताद. ज्यांना निदान एकदा तरी चौकात पाहिलंय असे. मनकवडीनं मात्र त्यांना थेट समुद्रावर धाडलं. चाचे, बुडती जहाजं, बर्फात अडकलेले खलाशी. रोज संध्याकाळी ते मोठ्यानं वाचत, आणि कलावतीबाई भाकऱ्या थापता थापता ऐकत. “ह्या वयात काय हे वेड!” असं म्हणत म्हणत तव्यावरची भाकरी करपवत.

आज ग्रंथपाल निलोफरनं ते ऐकलं, पडद्याकडे पाहिलं नि कपाळावर हात मारला. “काकू, काका कधी आलेच नाहीत का? अहो, ही हात ठेवणाऱ्याचं मन वाचते!”

“म्हणजे?”

“म्हणजे ही सगळी पुस्तकं तुमची.”

“माझी? अगं, मी पोथीशिवाय काही हातात धरलं नाही कधी.”

“उद्या तबकडी घेऊन घरीच येते. काकांचा हात ठेवून घेऊ.”

कलावतीबाई घरी निघाल्या, पण पाऊल उचलेना. कालच्या पुस्तकाचा पहिला भाग संपला तेव्हा कप्तान अजून बर्फातच होता. उद्यापासून पुन्हा डाळमिलवाले सुरू होणार, आणि कप्तानाचं पुढं काय झालं ते कळायचंच नाही. शिवाय घरातला तो बिचारा माणूस! पडल्या पडल्या नको ती पुस्तकं गिळत होता.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. महालिंगप्पा कंबर धरून हसले.

“मला पहिल्याच जहाजावर कळलं होतं. एसटीत मळमळणारा माणूस समुद्र मागेल का?”

“मग वाचलंत कशाला एवढं?”

“कुणी बुडायला लागलं की तुझा हात परातीतच थांबायचा. ते बघत होतो. एवढा संसार झाला, पण बाईला समुद्र हवाय याचा पत्ता नव्हता मला.”

कलावतीबाईंनी रागावल्यासारखं करून पदर सावरला. “बरं. आता उद्या तुमचं पुस्तक येऊ दे. मी वाचते, तुम्ही ऐका. अक्षर लावत लावत का होईना. आणि कप्तानाला सोडायचं नाही, सांगून ठेवते.”

“माझं काय, चरित्रच निघणार,” महालिंगप्पा म्हणाले. आणि उद्या तबकडीवर ठेवायचा हात हळूच चादरीत ओढून घेतला.

कलावतीबाई ते बघत राहिल्या. मग जरा जवळ सरकल्या.

“खरंच हो? चरित्रच निघेल ना?”