फोन ठेवायच्या आधी

माझी आणि देविदासची पहिली गाठ भांडणात पडली, आणि भांडण मी सुरू केलं होतं. त्याचं मला आजही काही वाटत नाही. एप्रिलचं ऊन, आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचा बाजाराचा दिवस, संध्याकाळी एका लग्नात कुल्फी पोचवायची, आणि माझा डीप फ्रीजर भर दुपारी घरघर करून गप्प झालेला. अशा वेळी कस्टमर केअरची रेकॉर्ड केलेली बाई ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं पुन्हा पुन्हा सांगत असेल आणि मधेमधे सनई वाजवत असेल, तर माणसानं गोड बोलायचं तरी कसं?

एकदाची सनई थांबली. "नमस्कार, हिमगंगामध्ये आपलं स्वागत आहे. मी देविदास. मी आपली काय मदत करू शकतो?"

मी एका दमात सगळं ओतलं. कंपनीला झापलं, फ्रीजरला झापलं, सनईलाही सोडलं नाही. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, मॉडेल नंबर तर लांबच. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "मॅडम, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया..."

"दिलगीर नका होऊ. माझी कुल्फी पातळ होऊन राहिली. जरा साधं बोलता का?"

मग तोच आवाज, पण आता ओसरीवर बसून बोलावं तसा. "बरं. फ्रीजरच्या बाजूला हात लावून पाहा. तापलाय का?"

"हात कुठून लावू? गोधडी हाय त्याच्यावर."

"गोधडी... काहून?"

काहून! कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात बसलेला माणूस ‘का’ म्हणतो, फार तर ‘कशासाठी’ म्हणतो. काहून आमच्याकडचंच. माझा राग तिथंच निम्मा उतरला, पण मी तसं कळू दिलं नाही.

गोधडीचं कारण माझे बाबा, उकंडराव. मी धंदा हाती घ्यायच्या आधी ते सायकलवर कुल्फी विकायचे. बर्फ भुशात ठेवायचा, मटक्याला ओलं पोतं गुंडाळायचं, म्हणजे गारवा टिकतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं. घरात फ्रीजर आला तसा त्यांनी आईच्या हातच्या गोधड्या त्याला चारी बाजूंनी मायेनं बांधल्या होत्या. देविदास हसला नाही. हा फ्रीजर आतली उष्णता स्वतःच्या अंगातून बाहेर टाकतो, तुम्ही त्याला उन्हाळ्यात पांघरूण घातलंय, एवढंच म्हणाला. गोधड्या सोडा, भिंतीपासून पुढं ओढा, थोडा वेळ बंद ठेवा आणि झाकणाला हात लावू नका. तोवर मी लाइनवर थांबतो.

आणि तो खरंच थांबला. त्या वेळात मला कळलं की तो इथलाच, आमच्या तालुक्यातल्या साखऱ्याचा. लहानपणी जीपला लोंबकळत गोरेगावच्या बाजाराला यायचा आणि सायकलवाल्याची कुल्फी खायचा. तो सायकलवाला आत्ता माझ्याशेजारी गोधडीची घडी घालतोय म्हटल्यावर त्यानं बाबांना ‘राम राम काका’ सांगायला लावलं.

फ्रीजर गुणगुणायला लागला. मला इतका आनंद झाला की मी "चालू झालं, ठेवते" म्हणून फोन ठेवूनच टाकला. आमच्याकडची ही रीतच आहे. बोलणं सुरू करताना पाऊसपाणी, जेवणखाण, लेकराबाळांची चौकशी, सगळं सावकाश चालतं. पण काम झालं की फोन खटकन बंद.

रात्री जेवताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडं अनोळखी पोरीला कुणीही ताई म्हणतं. बाबांना लगेच काका म्हणणाऱ्या या माणसानं मला एकदाही ताई म्हटलं नव्हतं.

मग माझ्या फ्रीजरला वरचेवर काहीबाही व्हायला लागलं. फोन भलत्याच कुणाकडं जायचा. पण हिंगोली जिल्हा म्हटलं की पलीकडचा माणूस सुटकेचा श्वास टाकून म्हणायचा, तुमच्या भागाचे देविदास आहेत, त्यांना जोडतो. आमची बोली तिथं फक्त त्यालाच कळायची.

"आता काय झालं?"

"झाकणाचं रबर ढिलं वाटून राहिलं."

"वाटून राहिलं, का हाय?"

"वाटून राहिलं."

त्यानं कागदाची पट्टी झाकणात धरून ओढायला सांगितली. पट्टी हलेना. तक्रार मिटली म्हणायची का मग, असं त्यानं विचारलं.

"कशी मिटली? लिहा तिथं, गिऱ्हाइकाचं समाधान अर्धंच झालं."

"मॅडम... हा कॉल रेकॉर्ड होतो."

"व्हऊ द्या. मी काय वावगं बोलले?"

तो हसला. तोंडावर हात धरून हसल्यासारखा, शेजारच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये असा. ते हसू दिवसभर माझ्या कानात राहिलं. बाबा म्हणाले, आज वेलची जास्त पडली गं. मी म्हटलं, पडली असेल.

एकदा लाइन तुटली, परत लागायला दुपार गेली. मी चिडून म्हटलं, तुम्हीच लावायचा की फोन, माझा नंबर तर तुमच्यासमोर दिसतोय.

"तो तुमी कंपनीला दिलाय, मला न्हाई," तो म्हणाला. "आन् इथं देऊ बी नका. घेतला तर माझी नोकरी जाईल."

कुठून कुठून नंबर मिळवून ‘हाय डियर’ पाठवणारी पोरं मला ठाऊक होती. हा माझा नंबर डोळ्यांसमोर ठेवून बसला होता आणि त्याला हात लावत नव्हता. मी आधी रुसले. मग भांड्यातलं दूध ढवळता ढवळता कळलं, माझा जीव जडलाय. न पाहिलेल्या माणसावर, एका आवाजावर.

मे महिन्यात एकदा फोन लावला तर तो पुन्हा छापील बोलायला लागला. दिलगीर, कृपया, आपली सेवा. मी विचारलं, काय झालंय? तो टाळत राहिला. मीही हटेना.

"महिनाअखेरीनंतर मी इथं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "कॉल संपला की एक आवाज येतो. एक ते पाच आकडा दाबायचा असतो, सेवा कशी वाटली त्याचा. आपल्याकडची माणसं लई जीव लावून बोलतात, लेकीच्या लग्नाला बोलावतात, आन् खटकन ठेवून देतात. तिथवर कुणी थांबतच न्हाई. साहेब म्हणतात, देविदासवर कुणीच खूश नाही."

"मग पुढं?"

"मामा सुरतेला बोलावून राहिलेत. त्यांच्याकडं जाईन..."

हा या लाइनवरून उठला की संपलं. नंबर नाही, चेहरा नाही. साखऱ्याला जाऊन घर शोधता आलं असतं, पण त्याच्या आईला सांगणार काय, तुमच्या लेकाचा आवाज मला आवडतो म्हणून?

त्या दिवशी मी पहिल्यांदा फोन ठेवला नाही. वाट पाहिली. टुंग असा आवाज आला, बाईनं आकडा विचारला, आणि मी पाच दाबला. पण माझ्या एकटीच्या पाचानं काय होणार होतं?

हिमगंगाचे फ्रीज आणि कूलर आमच्याकडं घरोघरी. उन्हाळ्यात त्यातलं काही ना काही बिघडलेलंच असतं, आणि लोक फोन करायला कचरतात. एकतर सनईला कंटाळतात, नाहीतर आपलं बोलणं तिकडं कुणाला कळणार म्हणून गप्प बसतात. बाजाराच्या दिवशी मी कुल्फीच्या हातगाडीवरच शाळा भरवली. आधी नाव आणि गाव सांगायचं. फ्रीजच्या मागच्या चिठ्ठीवरचा नंबर आधीच पाहून ठेवायचा. घरातला टीव्ही बंद करायचा. वरडायचं नाही, तार पुण्यापर्यंत गेलेली आहे. शिव्या द्यायच्या नाहीत, फ्रीज त्या पोरानं बिघडवलेला नाही. आणि बोलणं झालं तरी फोन ठेवायचा नाही, आवाज येऊ द्यायचा. मी दोन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या. खोटी तक्रार कुणी करायची नाही, आणि आकडा मनाला वाटेल तोच दाबायचा. बाजाराची जीप चालवणाऱ्या अमरसिंगनं हा निरोप कनेरगाव नाक्याच्या ढाब्यांपर्यंत नेला. तुला यात काय पडलंय, असं बाबांनी विचारलं नाही. ते माझ्याकडं पाहून मिशीत हसले तेवढे.

सगळ्यात अवघड विद्यार्थी म्हणजे खाजा मिया. त्यांच्या थंड पेयांच्या दुकानातला फ्रीज कधीचा पाणी गळत होता. पूर्वी एकदा फोन लावला तेव्हा पलीकडच्यानं फोन तोडून टाकला होता, म्हणून ते पुन्हा लावायला तयार नव्हते. मी त्यांना गाडीपाशी उभं केलं आणि स्पीकर सुरू केला. बाजारातली माणसं कुल्फी हातात धरून गोळा झाली. खाजा मियांनी घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात नाव आणि गाव सांगितलं. थोड्याच वेळात देविदासचा आवाज आला. माझा माझ्या चेहऱ्यावर काही ताबा राहिला नसणार, कारण समोरच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

देविदासनं आधी खाजा मियांच्या दुखऱ्या गुडघ्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. मग फ्रीजच्या मागची बारीक नळी कशी साफ करायची ते सांगितलं. खाजा मिया दुकानात गेले, नळी साफ करून आले, तरी तो लाइनवर होताच. "अल्ला खूश ठेवो, बेटा," ते म्हणाले, आणि त्यांचा अंगठा सवयीनं लाल बटणाकडं निघाला.

मी त्यांचं मनगट धरलं. "चाचा, थांबा."

भर बाजारात कुणी हललं नाही. टुंग. खाजा मियांनी चष्मा वर केला, बोटानं आकडा शोधला आणि पाच दाबला. बाई म्हणाली, धन्यवाद. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, एखादी कुस्ती मारल्यासारख्या.

मग काय विचारता. नाक्यावरच्या ढाब्यांतून फोन गेले, हळदीच्या मांडवातून गेले. माणसं कौतुकानं एकमेकांना विचारायला लागली, तू आवाजापर्यंत थांबलास का? मी मात्र फोन करायचं बंद केलं. महिनाअखेर उलटून गेली तरी धीर होईना. लावला आणि पलीकडं दुसराच आवाज आला तर... न लावलेलाच बरा.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी मी लिंबाखाली कुल्फीचे साचे धूत होते. आभाळ भरून आलं होतं, वाऱ्यानं लिंबोळ्या टपटप पडत होत्या. एक मोटारसायकल थांबली. किडकिडीत, सावळा, कान जरा मोठे. कंपनीचा शर्ट, खांद्याला अवजारांची पिशवी.

"नमस्कार," तो म्हणाला. "फ्रीजरच्या अंगावर आता काही टाकलेलं न्हाई ना?"

माझ्या हातातला साचा बादलीत पडला. पाणी त्याच्या बुटावर उडालं. तो मागं सरला नाही.

त्याचं बोलणं मी कानानं कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकलं. साहेब चक्रावले होते म्हणे, एका भागातून एवढे पाच कसे काय. त्यांनी बसून सगळे कॉल ऐकले, एकही तक्रार खोटी निघाली नाही. इतकी गिऱ्हाइकं त्या भागात आहेत तर दुरुस्तीला तिथं आपला माणूस हवा, असं ठरलं, आणि आमचा सेनगाव तालुका देविदासला मिळाला. सुरतेचं जाणं राहिलं. बाबांनी त्याच्या हातात कुल्फी दिली, सायकलवरची होती तशीच पळसाच्या पानावर. मग त्यांना अचानक फ्रीजरमागची भिंत झाडायची आठवण झाली, आणि ते आत गेले.

मी म्हटलं, "आता तरी माझ्या नंबरावर फोन करता येईल ना?"

"न्हाई. तो अजून कंपनीचाच हाय."

मग मी त्याला माझा नंबर तोंडानं सांगितला. सावकाश, एकेक आकडा, त्याच्याकडं पाहत. त्यानं तो तिथल्या तिथं लावला. माझ्या ओढणीत बांधलेला फोन वाजला. दोघं एकाच लिंबाखाली, हाताच्या अंतरावर, आणि मी फोन कानाला लावला.

"हॅलो. मी देविदास बोलतोय, साखऱ्याचा."

"नाव, गाव झालं. तक्रार सांगा. वरडू नका."

"माझं... चित्त थाऱ्यावर न्हाई. एप्रिलपासून. तुमी भांडून राहिल्या व्हत्या, तवापासून."

"हा कॉल रेकॉर्ड होतोय का?"

"न्हाई."

"मग नीट सांगा."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तुमी मला आवडता, निलम. लग्नाचं काकांशी बोलू का?"

त्यानं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. मला बोलताच येईना, मी, जिनं सनईलाही सोडलं नव्हतं. मी गप्प राहिले, तसा तो घाबरला, आणि त्याचा अंगठा लाल बटणाकडं निघाला. शेवटी तोही आमच्याकडचाच.

"ठेवू नका," मी म्हटलं. "आवाज यायचा राहिलाय अजून."

आणि मी पाच दाबला. त्याच्या कानात टूं असं वाजलं. तो हसायला लागला, यावेळी तोंडावर हात न धरता. रस्त्यापलीकडं खाजा मिया दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले, आणि मी पाचावरचं बोट काही काढलं नाही.