पानाच्या हाकेला कोण ओ देतं

संगणक दुरुस्त करणाऱ्या वायरवाल्याला बोलवायला मीच गेलो होतो. काम साधंच होतं. दुकानातल्या संगणकावरून एक प्रोग्राम काढून टाकायचा होता आणि मागच्या खोलीतलं भरतकामाचं मशीन विकायचं होतं. सूनबाईचं लग्न ठरलं होतं, म्हणून.

हो, सूनबाईचंच. मुलगा जाऊन बरेच दिवस झाले होते. साधा ताप आला आणि बघता बघता सगळं संपलं. त्यानंतर ती माझ्यापाशीच राहिली. दुकान सांभाळलं, माझं दुखलंखुपलं पाहिलं. पण तिचं वय काय, माझं काय! बाजारातल्या बटणवाल्याने तिच्यासाठी विचारलं तेव्हा मीच मध्ये पडलो. माणूस भला, हसरा, जरा बडबड्या. ती कितीतरी दिवस मान खाली घालून होती. मग एके सकाळी चहा देताना म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणताय तर... हो." मला एवढं हलकं वाटलं, की चहात साखर नव्हती हे कप संपल्यावर कळलं.

आता त्या प्रोग्रामचं सांगतो. मी शिंपी माणूस, मला यातलं काय कळणार? पण मुलाने इंटरनेटवर दुकानाचं एक पान केलं होतं. गिऱ्हाईक घरबसल्या त्यावर नक्षी निवडायचं. सूनबाई ते पान उघडून नक्षीखालची निळी अक्षरं दाबायची. मग पडद्यावर पोस्टकार्डासारखी एक चौकट यायची आणि विचारायची, मशीनचा प्रोग्राम उघडू का? 'हो' दाबलं की मागच्या खोलीत मशीन सुरू. मला याचं भारी नवल वाटायचं. मुलगा हसून समजवायचा, "बाबा, पान बाहेरचं. ते नुसती नावाने हाक मारतं. ओ देणारा आपल्याच घरात बसलेला असतो. तो नसला तर हाक वाया."

तर वायरवाल्याने तो ओ देणारा काढून टाकला. आमच्यादेखत निळी अक्षरं दाबून दाखवली. चौकट आलीच नाही.

"संपलं, आजोबा. आता कितीही दाबा. इथे कुणी राहत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा अगदी पडला होता. मी पुढच्या खोलीत एका पँटची शिवण उसवत बसलो होतो. मागून मशीनचा आवाज आला. खट... खट... खट... सुईत धागा असला की त्या आवाजाला जरा मऊपणा असतो. हा कोरडा होता, पत्र्यावर नख वाजवावं तसा.

मी आत गेलो. सूनबाई संगणकासमोर उभी होती, हात अजून तसाच पुढे.

"मी शेवटचं म्हणून बघत होते, बाबा. सवयीने बोट गेलं... त्याने विचारलं, उघडू का. मी हो म्हटलं."

मशीनवर रीळ नव्हतं. सगळी रिळं मी स्वतः खोक्यात भरून ठेवली होती. फ्रेममध्ये पांढऱ्या कापडाचा तुकडा राहून गेला होता, त्यावर नुसती सुई चालली होती. ती थांबली तेव्हा सूनबाईने तुकडा काढून खिडकीशी धरला. उजेडात बारीक भोकं दिसली. भोकांची मिळून एक कळी, वाकड्या देठाची. मुलगा हिच्या प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात तीच कळी काढायचा.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हे आहेत."

खोलीत एक वास भरून राहिला होता, ओले कपडे पेटीत कोंडून ठेवल्यावर येतो तसा. आणि माझा मुलगा रिकामी सुई कधी चालवत नसे. माझ्याकडून चुकून तसं झालं की खेकसायचा, "बाबा, टोक जातं तिचं!"

मी निरोप धाडल्यावर वायरवाला संध्याकाळी परत आला, तो थट्टा करतच. "भूतबीत निघालं तर बिल त्याच्या नावाने फाडतो, आजोबा." खुर्चीत बसला, इकडे बघ, तिकडे बघ. हळूहळू त्याची बडबड थांबली. निळी अक्षरं दाबली. चौकट आली. त्याने चटकन 'नको' दाबलं आणि हात मागे घेतला.

"इथे तर काहीच नाही," तो म्हणाला. "मग हे विचारतंय कोण?"

चौकटीत खाली एक बारकासा चौकोन असतो. तो त्याने मला बोटाने दाखवला. "यावर खूण केली की ते पुन्हा विचारत नाही. परस्पर उघडतं. याला तेवढा हात लावू नका. आणि... वायरच काढून ठेवा ना सरळ." चहा टाकलेला होता, पण तो थांबला नाही.

मी वायर काढून ठेवली. सकाळी बघतो तर परत लावलेली.

"राहू द्या ना, बाबा," सूनबाई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मग रोज दुपारी तेच सुरू झालं. ती निळी अक्षरं दाबायची, 'हो' म्हणायची आणि मशीनपाशी स्टूल घेऊन बसायची. तुकड्यामागून तुकडे. तिने बटणवाल्याला निरोप धाडला, इतक्यात नको. तो बिचारा दारात येऊन उभा राहिला.

"काय हो काका, माझं काही चुकलं का? का माझी बटणं पसंत नाही पडली?" हसायला गेला, पण तोंड एवढंसं झालं होतं. आतून आवाज येत होता. खट... खट... "अजून काम चालू आहे वाटतं," तो म्हणाला. मी मान डोलवली.

त्या रात्री वाढताना तिने बाही वर सारली. मनगटाच्या आतल्या बाजूला लाल ठिपके होते. कळी. वाकडा देठ.

"हे काय गं, पोरी?"

"झोपेत काहीतरी चावलं असेल," ती म्हणाली आणि हसली. मी ताट बाजूला सारलं. पुढच्या चारआठ दिवसांत ते ठिपके कोपरापर्यंत चढले. ती वाळत चालली होती, आणि खुशीत होती.

शेवटी एका दुपारी मी छातीत कळ आल्याची थाप मारून तिला औषधाच्या दुकानात पिटाळलं. संगणकासमोर बसलो. निळी अक्षरं दाबली. चौकट आली.

"तू कोण ते मी विचारत नाही," मी म्हणालो. "माझा असलास तरी, नसलास तरी... तिला सोड. तिचं सगळं आयुष्य पडलंय पुढे. तू माझ्याकडे राहा. मला म्हाताऱ्याला कुठे जायचंय?"

वायरवाल्याचं बोलणं मला आठवत होतं. पण मी माझ्या डोक्याने विचार केला. ती 'हो' म्हणते म्हणून हे येतं. विचारणंच बंद झालं, तर तिच्या 'हो'ची गरज राहणार नाही. मग जे काय असेल ते माझ्या घरात, माझ्या गळ्यात. मी त्या चौकोनावर खूण केली आणि 'हो' दाबलं.

मशीन एकदाच वाजलं आणि थांबलं. वास गेला. खोली कशी रिकामी वाटली, पाहुणा उठून गेल्यासारखी.

त्यानंतर सूनबाईने पुष्कळ दाबून पाहिलं. काही झालं नाही. ती रडली, खूप झोपली, मग हळूहळू जेवायला लागली. हातावरचे ठिपके पुसट होत गेले. मशीन विकलं. संगणक वायरवाल्याने सुटा करून भंगारात दिला. लग्न साधंच झालं. जाताना बटणवाला म्हणाला, "काका, हिला जपेन हो," आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

काल दुपारी तिचा फोन आला. आवाजात हसू होतं.

"बाबा, यांना आपल्या दुकानाचं पान बघायचं होतं. इथल्या संगणकावर उघडून दाखवलं सकाळी."

"निळी अक्षरं दाबलीस?"

"नाही हो. नुसतं पान उघडलं."

"चौकट आली? काही विचारलं?"

"काहीच नाही विचारलं." हसू कुठेतरी गेलं होतं. "बाबा, मी दुसऱ्याच कामासाठी फोन केला. तुम्हाला यातलं कळतं म्हणून. हे आंघोळ करून आले, शर्ट घालायला गेले, तर बाहीतून हात बाहेर येईना. बाहीचं तोंडच शिवलंय. दुसरा काढला, तोही तसाच. कपाटातले यांचे सगळेच कपडे, बाबा. गळेसुद्धा. माझ्या कपड्यांना काही झालेलं नाही."

मी खूण केलेला तो चौकोन डोळ्यांपुढे आला. पुन्हा विचारत नाही, परस्पर उघडतं.

"घाबरू नको," मी म्हणालो. "शिवणीच्या टोकाशी गाठ असेल. ती शोध, काप आणि धागा ओढून घे. सुटेल सगळं."

पलीकडे तिने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कात्री चालल्याचा आवाज. मग कापड ओढल्याचा.

"धागाच नाहीये, बाबा..." ती म्हणाली. "आणि तरी उसवत नाहीये."