उखळाची वकिली

"उखळात कुटणं म्हंजे बायकांचा नुसता छळ हाय!"

प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर कांडप यंत्रं विकणारा पोरगा गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगत होता. अक्षताचं डोकंच फिरलं. तिचा स्टॉल शेंगा चटणीचा, तीही उखळात कुटलेली.

"ओ मशीनवाले! चटणी खाल्लीय का कधी?"

त्यानं हात पुढे केला. तिनं रागारागानं चमचाभर चटणी ठेवली. त्यानं चाखली, डोळे मिटले... आणि उघडले ते थेट तिच्याकडे बघत.

"लई भारी. पण कुटणारीचा खांदा बघितलाय का कधी?"

आगाऊ मेला! डोळे मात्र... जाऊ दे.

त्याचं नाव शरणबसव, सगळ्यांचा बसू. दुसऱ्याच दिवशी स्वारी यंत्र खपवायला तिच्या घरी हजर. दिवाळीची मोठी ऑर्डर होती आणि यंत्र घ्यावं की नाही, या विचारात तिची आई कमलम्मा अडकली होती. अक्षताला एकच धास्ती. यंत्र आलं की काशम्मा आणि बाकीच्या कुटणाऱ्या बायकांचं काम गेलं.

"भांडू नका," कमलम्मा म्हणाली. "बसू, तू आठवडाभर हितं उखळावर बस. अक्षता, तू ह्याच्याकडं यंत्र चालव. मग एकमेकांची बाजू मांडा. पटंल तसं करू."

बसूच्या घरी त्याच्या आईनं अक्षताला डाव्या हातानं चहा दिला. उजवा खांद्याच्या वर जातच नव्हता, उभा जन्म कुटण्यात गेलेला. त्या दिवशी अक्षतानं त्यांची वेणी घातली आणि मगच घरी आली.

अंगणात बसू बायकांच्या घोळक्यात बसला होता. काशम्मा सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती, मुसळ चालत होतं, हसू उसळत होतं. त्याच्या तळहाताला फोड आले होते. अक्षतानं त्यावर तूप लावलं. त्यानंही हात लवकर काढला नाही.

निकालाच्या दिवशी अक्षता आईसमोर उभी राहिली. "अव्वा, यंत्र घ्यायचंच! काशम्मालाच चालवायला शिकवू. काम कुणाचंच जाणार न्हाय, खांदे तेवढे वाचतील."

"अजिबात घेऊ नका!" बसू ताडकन म्हणाला. "ह्या बायका हितं मन मोकळं करायला येतात. यंत्राच्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार?"

"अहो, खांद्यांचा विचार करा की!"

"आन मनाचा कोण करणार?"

दोघं पुन्हा कडाकडा भांडू लागली, बाजू तेवढ्या उलट्या. बायका पोट धरून हसल्या.

"ऑर्डरपुरतं यंत्र मागच्या खोलीत," कमलम्मानं निकाल दिला. "उखळ अंगणातच ऱ्हाणार. मजुरी सगळ्यांची आहे तीच!"

बायकांनी एकच गलका केला. त्या गोंधळात बसू तिच्याजवळ सरकला.

"तुझ्या बाजूनं बोलायची सवय लागली बघ मला... जन्मभर बोलू का?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, तिला कळलंच नाही. पण आवडलं, फार आवडलं.

"बोल की," ती म्हणाली. "पण भांडायचं सोडायचं न्हाय."

काशम्माचे कान तिखट. तिनं सुपातले मूठभर शेंगदाणे दोघांच्या डोक्यावर उधळले.