ऐंशी किलो

मोबाइल उलटा ठेव आणि नीट बस. गाडीला नवे शॉकअप, नवे टायर, रिमला काळा रंग, आणि हे सगळं घरीच करणार म्हणतोस ना? कर बाबा. तुझी गाडी, तुझा रविवार, मी कोण अडवणार? फक्त एक गोष्ट ऐकून घे, आणि तुम्ही दोघंही ऐका. हसायचं मात्र नाही. मी जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. दिसेल तो आकडा लिहायचा, मनाचं घालायचं नाही, ही सवय हाडांत मुरलीय. तेव्हा यातही मनाचं काही घातलेलं नाही.

माझा एक दोस्त आहे, कारखान्यात लेथवर काम करतो. त्याला आम्ही मिलीमीटर म्हणतो. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण टेप असणारच. लग्न केलं नाही. आम्ही म्हणायचो, मापात बसणारी मिळाली नसेल. घरात तो, त्याचा धाकटा भाऊ आणि भावाची बायको. धाकटा दिवसभर मोटारसायकलवरून कुरिअर वाटायचा. अंगाने आडदांड, ऐंशी किलो, आणि तोंडाची टकळी कधी बंद नाही. थोरल्याने मात्र जन्मात गाडी चालवली नाही. भाऊ चालवायचा, हा मागे बसायचा. देखभाल तेवढी याची.

धाकटा मार्चमध्ये गेला. त्यांच्या गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. ती गळते, त्यामुळे तिथलं वळण बारा महिने ओलं. तिथे मागचं चाक घसरलं. एवढंच. वेगही नव्हता म्हणे. गाडीला तर फारसं काही झालंच नाही, पुढच्या रिमवर बोटभर ओरखडा.

त्याच्या बारा दिवस आधी धाकट्याने विचारलं होतं, "दादा, मागचा टायर बदलूया का?"

मिलीमीटरने टायरच्या नक्षीची खोली मोजली. "दीड मिलीमीटर आहे. महिनाभर आरामात जाईल."

माप बरोबर होतं, बरं का. त्याचं माप चुकत नाही. पण तो कधी त्या वळणावरून गाडी घेऊन गेलेलाच नव्हता. ओल्या रस्त्यावर दीड मिलीमीटर म्हणजे किती, हे चालवणाऱ्यालाच कळतं.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. रडला नाही. चार महिने कामावर गेला, आला, जेवला, ताट धुतलं. विचारलं तर उत्तर द्यायचा. मी शेजारी येऊन बसलो तरी तेच, उठून गेलो तरी तेच. डोळ्यांदेखत माणूस बधिर झाला होता आणि मला काही करता येत नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

जुलैत भावजय त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, मला हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागलीये. एकोणीस तारखेपासून. सकाळी सहाची पाळी आहे, त्या वेळेला बस नसते. मी ह्यांची गाडी चालवीन. येते मला, ह्यांनीच शिकवली."

हा मान खाली घालून खिशातला टेप चाचपत राहिला. तिला वाटलं, नाही म्हणतोय.

"विकू नका हो, दादा. दुसरं कोणी चालवलेली मला नाही बघवणार."

"विकत नाही," तो म्हणाला. "तुझ्या मापाची करतो."

रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन बाजारात गेला आणि सामान घेऊन आला. मागचे दोन शॉकअप, दोन्ही टायर, पुढच्या फोर्कचं ऑईल, प्रायमर, रंगाचा डबा. बाहेरच्या खोलीतली खाट भिंतीला उभी केली, गाडी आत घेतली, दोन्ही चाकं काढली. मागच्या चाकाचा जुना टायर त्याने उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवला. त्याच्याकडे बघितलंही नाही, असं भावजय सांगते.

रिम घासायला दोन दिवस लागले. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग पाण्यातला. तो बोटभर ओरखडा त्याने इतका घासला की नख फिरवलं तरी अडकेना. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचे तीन हात. "कुठला रंग देऊ?" त्याने विचारलं होतं. "काळा," ती म्हणाली. "ह्यांना काळाच करायचा होता." दोन्ही चाकं कपड्यांच्या दोरीला टांगली. हवा दमट, रंग वाळता वाळेना. तिची पहिली पाळी शुक्रवारी, आणि टायर चढवायला गुरुवारची संध्याकाळ झाली. रंगाला चरा पडू नये म्हणून तेलाचा डबा कापून त्याच्या पट्ट्या रिमवर लावल्या, टायरच्या कडांना साबणाचं पाणी चोपडलं आणि घामाघूम होत एकट्याने दोन्ही टायर चढवले. भावजयीने मदत करू का विचारलं, तर मानेनेच नको म्हटलं.

आता हे नीट ऐक, तुझ्याही कामाचं आहे. शॉकअप बसवले म्हणजे झालं, असं नसतं. माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते मोजावं लागतं, आणि त्याप्रमाणे स्प्रिंग घट्ट किंवा सैल करावी लागते. फार दबली तर वळणावर मागून डोलते. कमी दबली तर चाक उड्या मारतं. मिलीमीटरने पुढचं चाक उभं राहील अशी लाकडी खाच केली होती, गाडी त्यात न धरता सरळ उभी राहायची. मागच्या चाकाच्या मध्यापासून सीटखाली खडूने केलेल्या खुणेपर्यंत टेप लावला. रिकामी गाडी, पाचशे ऐंशी. भावजयीला बसवलं. पाचशे पन्नास. तीस मिलीमीटर दबली. तिचं वजन पन्नास किलो.

"झक्क," तो म्हणाला. चार महिन्यांत तेवढाच एक शब्द जरा बरा निघाला त्याच्या तोंडून.

ती आतल्या खोलीत झोपायला गेली. यानेही दाराला आतून कडी घातली, दिवा मालवला, गाडीशेजारीच सतरंजी टाकली.

अठरा जुलैची रात्र, तारीख पालटलेली. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी तो उठला. का? तर तो प्रत्येक माप तीनदा घेतो, आणि संध्याकाळी दोनदाच घेतलं होतं. सवय म्हणजे सवय. दिवा लावला. गाडी खाचेत सरळ उभी. त्याने टेप लावला.

पाचशे बत्तीस.

त्याला वाटलं, झोपेत चुकीचं वाचलं. डोळे चोळले. पुन्हा लावला.

पाचशे बत्तीस.

स्प्रिंग घट्ट-सैल करायची रिंग फिरली असेल म्हणून बघितली. खडूची खूण जागच्या जागी होती. सीटवर काही ठेवलंय का? काही नव्हतं. हात फिरवून बघितला. गार रेक्झिन.

आता लेथवरच्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा. तीस मिलीमीटरला पन्नास किलो. मग अठ्ठेचाळीसला किती?

त्याने तोंडीच केलं.

ऐंशी.

भीती वाटली का रे, असं मी नंतर विचारलं त्याला. माझी तर ऐकतानाच पाचावर धारण बसली होती. तो म्हणाला, नाही. काहीच वाटलं नाही. हातात टेप होता. तो तसाच बसून राहिला. आत भावजयीच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. दुसरं काही नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "उतर."

…

"उतर ना रे. सकाळी तिला जायचंय."

…

टेप लावला. पाचशे बत्तीस.

एरवी ज्याची बडबड थांबवायला दटावावं लागायचं, तो… एक शब्द नाही. श्वास नाही. नुसती दबलेली स्प्रिंग.

मग याने सांगितलं. जे चार महिने कोणाला सांगितलं नव्हतं ते, खाली जमिनीकडे बघत, हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"तू विचारलं होतंस… मीच म्हणालो, जाईल म्हणून. मी नुसतं मोजलं. तुला विचारायला हवं होतं, घसरतं का… नाही विचारलं."

…

"हे टायर नवे आहेत. दुकानदार म्हणाला, पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जपून, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत घसरतात. मी विसरलो रे. रंगाच्या नादात विसरलो. आता आठवलं. आणि ती उद्या… पहिल्यांदाच… त्याच वळणावरून."

…

"मला चालवता येत नाही."

…

"तूच बघ."

स्प्रिंग वाजली. नवी स्प्रिंग वाजत नाही. वाजली. कुर्र…

त्याने टेप लावला.

पाचशे ऐंशी.

एक वाजून अडतीस मिनिटं. पुढचं त्याला आठवत नाही. भिंतीला टेकून बसला होता, तिथेच डोळा लागला. आयुष्यात इतका गाढ कधी झोपलो नव्हतो, असं म्हणतो.

पहाटे पाचला मी त्याच्या दारात गेलो, आदल्या दिवशी तसं ठरलं होतं. दार वाजवलं, त्याने आतून कडी काढली. तोंड असं, की मला वाटलं ताप आलाय. काय झालं विचारलं, तर म्हणाला, नंतर सांगतो. गाडी खाचेत सरळ उभी होती. तेवढ्यात भावजय हेल्मेट हातात घेऊन बाहेर आली, पांढरे कपडे, केस घट्ट बांधलेले. हेल्मेटचा पट्टा सारखा लावत-काढत होती. ती गाडीपाशी आली आणि चाकाजवळ उकिडवी बसली.

नव्या टायरला हात लावलाय कधी? त्यावर रबराचे बारीक केस असतात, आणि वर तेलकट चकाकी. गाडी चालवल्याशिवाय ती जात नाही. आदल्या संध्याकाळी दोन्ही होतं, तिनेही बघितलं होतं. आता एकही केस नव्हता. चकाकी गेली होती. नुसती मधली नाही, डावी-उजवी अगदी कडेपर्यंत गेली होती, वळणं घेत घेत गाडी नीट चालवल्यावर जाते तशी. रिमच्या काळ्या रंगावर मात्र चिखलाचा ठिपका नाही.

तिने टायरवर तळहात ठेवला. आणि हसली.

"भाऊ," ती मला म्हणाली, "रात्री तुम्ही फिरवून आणलीत ना? बरं झालं बाई. मला त्याचीच धाकधूक होती. अजून गरम आहेत."

मिलीमीटरने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मीही हात लावला… आणि काढून घेतला.

"हो," मी म्हणालो.

आम्ही गाडी बाहेर काढून दिली. ती बसली, सुरू केली, निघाली. टाकीपाशी नेहमीसारखं पाणी साचलेलं होतं. गाडीचा दिवा वळणावर गेला. जरा कलला. आणि पलीकडे सरळ निघून गेला. मिलीमीटर तिथेच उंबऱ्यावर बसला आणि त्याला रडू फुटलं. चार महिन्यांचं एकदम. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो, आणि मला बरंही वाटत होतं आणि धास्तीही.

त्याने मला पहाटे का बोलावलं होतं, ते सांगायचं राहिलं. गाडीची एकच किल्ली होती. दुसरी धाकट्याने कधीच हरवली होती. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मिलीमीटरने ती माझ्या हातात दिली होती, घरात नको म्हणून. तेव्हापासून ती माझ्या कपाटात, कुलपात होती. त्या पहाटे मी कुलूप उघडलं, ती खिशात टाकली आणि ती द्यायलाच तिथे गेलो होतो.